आधीं काय? : एका संशयवादी पंडिताच्या दोन ग्रंथांविषयीं

ब्यॉर्न लोम्बोर्ग या डेन्मार्कमधील पंडितांचे 'द स्केप्टिकल एन्व्हायरन्मेंटलिस्ट' (इंग्रजी आवृत्ति २००१) व 'कूल इट' (२००७) हे दोन ग्रंथ आतां नवे राहिलेले नाहींत. मग त्यांचें परीक्षण आज कां करावें, असें वाचक विचारतील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ग्रंथ जुने झाले तरी त्यांतील युक्तिवाद जुना झालेला नाहीं. उलट ग्रंथाचें नांव मागें टाकून तो आतां मोकळा हिंडूं लागला आहे. परभणी, लातूर, नांदेड येथील सुशिक्षित घरांत उन्हाळ्याच्या दिवसांत पाण्याची गोष्ट निघाली कीं, कोणी तरी म्हणतोच: पृथ्वी तापत असेल तर तापो, तो श्रीमंत देशांचा विचार आहे, आम्हांस आधीं प्यावयास पाणी, पिकास भाव आणि मोटारीस वीज द्या, मग पुढच्या शतकाचें पाहूं. असें बोलणाऱ्यानें लोम्बोर्ग यांचें नांवहि ऐकलेलें नसतें, पण बोलतो तो लोम्बोर्ग यांचेंच म्हणणें. म्हणून हें म्हणणें मूळ ग्रंथांत कोणत्या पायावर उभें आहे, आणि तो पाया परभणीच्या काळ्या जमिनींत कितपत टिकतो, हें पाहणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

पहिल्या ग्रंथाची जन्मकथा ग्रंथकारांनींच सांगितली आहे. लोम्बोर्ग हे ऑर्‍हुस येथील विद्यापीठांत संख्याशास्त्र शिकवीत असत. १९९७ सालीं जूलियन सायमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांची एक मुलाखत त्यांच्या वाचनांत आली. मनुष्यजातीची स्थिति बिघडत नसून बहुतेक सर्व बाबतींत सुधारत आहे, असें सायमन यांचें प्रतिपादन होतें. तें खोडून काढावें या हेतूनें लोम्बोर्ग यांनीं आपल्या विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन आंकडे तपासावयास आरंभ केला. आणि पुष्कळशा बाबतींत सायमन यांचेंच म्हणणें खरें आहे असें त्यांस आढळून आलें. १९९८ सालीं डॅनिश भाषेंत ग्रंथ निघाला व तीन वर्षांनीं केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयानें त्याची वाढविलेली इंग्रजी आवृत्ति काढली. खंडनासाठीं निघालेल्या पंडितानें मंडन करून परत यावें, ही गोष्ट आपल्याकडील शास्त्रार्थांच्या कथांत पुष्कळदां आढळते. तिच्यामुळें वाचकाचें मन ग्रंथकाराकडे आपोआप झुकतें, आणि ग्रंथकारासहि हें चांगलें ठाऊक आहे.

ग्रंथाचे गुण आधीं सांगूं. पृथ्वीचें भवितव्य काळेंकुट्ट रंगविणाऱ्या लेखनास लोम्बोर्ग 'लिटनी' असें नांव देतात. ख्रिस्ती देवळांतील एकसुरी आळवणीवरून तें घेतलें आहे. आपण त्यास रडगाणें म्हणूं. हें रडगाणें ऐकून ज्यांचे कान किटले आहेत त्यांस लोम्बोर्ग यांचीं प्रकरणें थंड पाण्यासारखीं वाटतील. मनुष्याचें आयुर्मान वाढलें, उपाशी राहणाऱ्यांचें प्रमाण घटलें, लंडनसारख्या शहराची हवा शंभर वर्षांपूर्वीं होती त्याहून स्वच्छ झाली, हें ते आलेखामागून आलेख मांडून दाखवितात, आणि यांतील बरेचसें खरें आहे. भीति घालून माणसास शहाणें करतां येतें या समजुतीवर त्यांनीं केलेला हल्लाहि आम्हांस मान्य आहे. भाषा सरळ आहे, टीपा सुमारें तीन हजार आहेत, प्रतिपक्षाचीं वाक्यें उद्धृत करण्यांत कंजूषपणा नाहीं. येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याविषयीं दोन्ही पक्षांत गैरसमज आहे. पृथ्वी तापत आहे, व तें तापणें मनुष्यानें जाळलेल्या कोळशामुळें व तेलामुळें आहे, हें लोम्बोर्ग नाकारीत नाहींत. त्यांचा संशय रोगाविषयीं नसून औषधाच्या किंमतीविषयीं आहे. त्यांचें नांव घेऊन किंवा न घेतां जे लोक रोगच खोटा म्हणतात, त्यांनीं हे ग्रंथ वाचलेले नसावेत.

डेन्मार्कमध्यें २००३ च्या आरंभीं एका शासकीय समितीनें हा ग्रंथ शास्त्रीय अप्रामाणिकपणाचा नमुना ठरविला, व त्याच वर्षाच्या शेवटीं तेथील मंत्रालयानें त्या निर्णयांत दोष काढून तो समितीकडे परत पाठविला. या प्रकरणानें ग्रंथाचा खप मात्र वाढला असेल. ग्रंथास ग्रंथानें उत्तर द्यावें, समिति नेमून देऊं नये, असें आमचें मत आहे. 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकानें २००२ च्या जानेवारींत चार शास्त्रज्ञांचे प्रतिवाद छापले, तो मार्ग आम्हांस अधिक योग्य वाटतो.

आतां मुख्य युक्तिवादाकडे वळूं. १९९७ च्या क्योटो कराराविषयीं लोम्बोर्ग यांचा हिशेब असा: सर्व संबंधित राष्ट्रांनीं तो करार पाळला व शतकभर तेवढाच पाळीत राहिलीं, तर २०९४ सालीं जें तापमान यावयाचें तें २१०० सालीं येईल. म्हणजे एवढी खटपट करून सहा वर्षांचा अवधि पदरांत पडला. आणि या कराराच्या एका वर्षाच्या खर्चांत जगांतील सर्व लोकांस शुद्ध पाणी व शौचाची सोय कायमची करून देतां येईल! हें दुसरें वाक्य मराठवाड्यांतील वाचकाच्या मनांत घर करून राहील यांत नवल नाहीं. ज्या लातूर शहरास एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्याच्या शेजारच्या जिल्ह्यांत राहणाऱ्यास 'आधीं पाणी' हें शब्द पटवून द्यावे लागत नाहींत.

परंतु वाक्य पटणें निराळें आणि युक्तिवाद टिकणें निराळें. क्योटोचा करार हा २००८ ते २०१२ या पांच वर्षांपुरता घातलेला पहिला टप्पा होता. पुढचे टप्पे त्यावर चढवावयाचे होते. त्या पहिल्या टप्प्यासच शेवट मानून शतकाचा हिशेब करणें म्हणजे विहीर खणणाऱ्यास पहिल्या परसाला पाणी लागलें नाहीं म्हणून, खणण्यानें पाणी लागत नाहीं असा सिद्धांत सांगण्यासारखें आहे. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. क्योटोचा खर्च वांचला तर तो पाण्याकडे वळेल, असें या वाक्यांत गृहीत आहे. अमेरिकेनें २००१ सालीं त्या करारांतून अंग काढून घेतलें. त्या वांचलेल्या पैशांतून मराठवाड्यांतील एकाहि गांवास नळ मिळाल्याचें आम्हीं ऐकिलें नाहीं. दोन गोष्टींची निवड करावयाची तर दोन्ही एकाच थैलींतून विकत घ्यावयाच्या असल्या पाहिजेत. येथें थैल्या दोन, मालक दोन, आणि एकानें आपली थैली आवळून धरली तर दुसऱ्याची भरते असें नाहीं.

या कल्पित थैलीस लोम्बोर्ग यांनीं पुढें प्रत्यक्ष रूप देण्याचा यत्न केला. २००४ सालीं त्यांनीं कोपनहेगन येथें आठ नामांकित अर्थशास्त्रज्ञ एकत्र बसविले (आपल्या मुंबईंत जन्मलेले जगदीश भगवती हे त्यांपैकीं एक) आणि त्यांच्यापुढें प्रश्न ठेविला: जगाचें भलें करण्यासाठीं पन्नास अब्ज डॉलर मिळाले तर ते प्रथम कोठें खर्च करावे? पंडितांनीं क्रम लाविला. एड्सचें निवारण पहिलें, आहारांतील सूक्ष्म द्रव्यें पुरविणें दुसरें, व्यापार मुक्त करणें तिसरें, मलेरियाचें नियंत्रण चौथें. तापमानवाढीवर सुचविलेले तिन्ही उपाय यादीच्या तळाशीं गेले. २००८ च्या बैठकींत मुलांस जीवनसत्त्व अ आणि जस्त पुरविण्याचें काम पहिल्या जागीं आलें. 'कूल इट' या ग्रंथाचा सारा रोख याच यादीकडे आहे: आधीं तें करा ज्यांत रुपयास अधिक फळ आहे, हवेच्या प्रश्नावर आज फार तर नव्या ऊर्जासाधनांच्या संशोधनासाठीं पैसा घाला.

यादी करणें वाईट नाहीं. घरची गृहिणीहि महिन्याच्या पहिल्या तारखेस ती करते. पण या यादींतील क्रम ज्या गणितानें ठरतो त्याची एक किल्ली आहे, आणि ती सामान्य वाचकाच्या हातीं क्वचितच दिली जाते. शंभर वर्षांनीं होणाऱ्या एक रुपयाच्या हानीची आजची किंमत किती धरावयाची? दरसाल दरशेंकडा ५ हा दर धरला तर ती पाऊण पैसा भरते. निकोलस स्टर्न यांनीं २००६ सालच्या आपल्या अहवालांत धरला तसा सुमारें १.४ चा दर धरला तर तीच पंचवीस पैसे होते. नातवाचें नुकसान पाऊण पैशाचें कीं चार आण्यांचें, हा प्रश्न हवामानशास्त्राचा नव्हे आणि संख्याशास्त्राचाहि नव्हे. सावकार एका दरानें पुढचें पाहतो आणि बांधावर चिंच लावणारा म्हातारा दुसऱ्या दरानें. अर्थशास्त्रज्ञानें सावकाराचा दर घ्यावा यास आमची हरकत नाहीं. मात्र तो घेतला आहे हें त्यानें पहिल्या पानावर सांगावें, आणि निघालेल्या उत्तरास केवळ आंकड्यांचा कौल म्हणूं नये.

येथपर्यंतचें विवेचन पुस्तकांतल्या पुस्तकांत झालें. परभणीचें उदाहरण घेतलें म्हणजे लोम्बोर्ग यांस कांहीं ठिकाणीं अधिक मान द्यावा लागतो व कांहीं ठिकाणीं अधिक विरोध करावा लागतो.

मान कोठें द्यावा तें पाहूं. या जिल्ह्यांतून गोदावरी वाहते, पूर्णा वाहते, दुधना वाहते. जिंतूर तालुक्यांत येलदरीचें धरण आहे, सेलू तालुक्यांत निम्न दुधनेचें. पैठणच्या जायकवाडीचा डावा कालवा जिल्ह्यापर्यंत आलेला आहे. जमीन काळी, भारी, कापसास व ज्वारीस नांवाजलेली. अशा जिल्ह्यांत उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागावी, यास केवळ आकाश जबाबदार धरतां येईल काय? १९७२ च्या दुष्काळाविषयीं वृद्ध मंडळी सांगतात कीं, तेव्हां धान्य नव्हतें पण विहिरींस पाणी होतें. २०१२ नंतरच्या दुष्काळांत धान्य दुकानांत होतें, पाणी मात्र पाताळांत गेलें होतें. मधल्या चाळीस वर्षांत कूपनलिका आल्या आणि ऊंस आला. महाराष्ट्रांतील पिकाखालील जमिनीपैकीं चार टक्क्यांहून कमी जमीन ऊंसाची, व ती सिंचनाच्या पाण्यापैकीं सुमारें सत्तर टक्के पाणी पिते, असें केंद्राच्या कृषिमूल्य आयोगानें नमूद केलें आहे. ज्या वर्षीं लातुरास आगगाडीनें पाणी गेलें त्याच हंगामांत मराठवाड्यांतील साखर कारखान्यांचीं धुराडीं पेटलेलीं होतीं. जायकवाडीचें धरण १९७६ सालीं पुरें झालें. त्याच्या वरच्या अंगास नाशिक व नगर जिल्ह्यांत धरणें वाढत गेलीं. समन्यायी वांटपासाठीं २००५ चा कायदा करावा लागला, २०१४ सालीं जलसंपत्ति नियमन प्राधिकरणास आदेश काढावा लागला, आणि तो आदेशहि न्यायालयांत लढवावा लागला. यांतील एकाहि गोष्टीचा कर्बवायूशीं संबंध नाहीं.

म्हणून दुष्काळाचें सारें खापर पृथ्वीच्या तापण्यावर फोडण्याची जी नवी रीत पडत आहे तिच्याविषयीं संशय घेणें हें नागरिकाचें कर्तव्यच आहे. पूर्वीं पाऊस न पडल्याचा दोष दैवावर घालीत. आतां तो हवामानबदलावर घालतात. दैवास निदान नवस तरी करतां येत होता. हवामानबदल हा शब्द अधिकाऱ्यांस व पुढाऱ्यांस फार सोयीचा आहे, कारण त्याचा कर्ता कोणत्याहि तालुक्यांत राहत नाहीं आणि त्यास निवडणुकींत उभें राहावें लागत नाहीं. २०१५ या एका वर्षांत मराठवाड्यांतील एक हजारांहून अधिक शेतकऱ्यांनीं आत्महत्या केल्या. त्यांच्या घरीं जाऊन 'हें जागतिक कारणांमुळें झालें' असें सांगणें म्हणजे कर्ज, भाव, पाणीवांटप आणि पीकविमा या चार प्रश्नांतून अंग काढून घेणें होय. लोम्बोर्ग यांच्या संशयाची आम्हांस या ठिकाणीं खरी किंमत वाटते, जरी त्यांनीं तो या हेतूनें घेतलेला नाहीं.

आतां विरोध. आकाश सर्वस्वीं निर्दोष आहे असेंहि नाहीं. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं संपादिलेला व केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयानें २०२० सालीं प्रसिद्ध केलेला एक अहवाल आमच्यापुढें आहे. १९०१ ते २०१८ या काळांत भारताचें सरासरी तापमान सुमारें ०.७ अंशांनीं वाढलें; १९५१ पासून २०१५ पर्यंत पावसाळ्यांतील पाऊस सुमारें सहा टक्क्यांनीं घटला; आणि एवढें असूनहि मध्य भारतांत एका दिवसांत दीडशें मिलिमीटरहून अधिक पाऊस पडण्याच्या प्रसंगांत सुमारें पाऊणपट वाढ झाली. बेरीज घटली, पण धोधो कोसळणें वाढलें. शेतकऱ्यास वर्षाच्या बेरजेवर पीक काढतां येत नाहीं. पेरणीनंतर एकवीस दिवसांचा खंड पडला कीं दुबार पेरणी. पीक काढणीस आलें असतां अतिवृष्टि झाली कीं शेंगांस कोंब. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्यें मराठवाड्यावर व विदर्भावर गारा पडल्या आणि उभा गहू, हरभरा व ज्वारी झोपली. त्याच वर्षीं पुढें पावसानें पाठ फिरविली. २०२१ च्या सप्टेंबरांत 'गुलाब' चक्रीवादळाचे अवशेष मराठवाड्यावरून गेले आणि काढणीस आलेलें सोयाबीन पाण्याखालीं गेलें. यांतील अमुक गार किंवा अमुक पूर तापमानवाढीमुळेंच आला असें कोणीहि शहाणा म्हणणार नाहीं. पण फांसे जड झाले आहेत एवढें तरी कळतें.

लोम्बोर्ग म्हणतील, तर मग जुळवून घ्या. जुळवून घेणें स्वस्त आहे. परभणीस १९७२ सालीं स्थापन झालेलें व आतां वसंतराव नाईक यांचें नांव धारण करणारें जें कृषि विद्यापीठ आहे, तेथें हेंच काम चाललें आहे. रुंद वरंबा व सरी पद्धतीनें पेरणी केली तर खंडाच्या दिवसांत ओल टिकते व अतिवृष्टींत सरींतून पाणी निघून जातें, हें तेथील तज्ज्ञ शेतकऱ्यांस कित्येक वर्षें सांगत आहेत. महाराष्ट्र सरकारनें जागतिक बँकेच्या कर्जावर २०१८ सालीं आरंभिलेल्या नानाजी देशमुख कृषि संजीवनी प्रकल्पांत पंधरा जिल्ह्यांतील सुमारें पांच हजार गांवें घेतलीं. त्यांत परभणी जिल्हाहि आहे. प्रकल्पाचें घोषित प्रयोजन हवामानबदलास तोंड देणें हें. पण कामें पाहावीं तर शेततळीं, ठिबक, विहिरींचें पुनर्भरण, बियाणें. म्हणजे 'आधीं पाणी कीं आधीं हवामान' हा ज्या यादीचा मुख्य वाद, ती यादीच गांवाच्या शिवेंत शिरल्याबरोबर विरघळून जाते. ज्यास कोपनहेगनचे पंडित दोन निरनिराळ्या ओळींत लिहितात, तें येथें एकच शेततळें असतें.

याचें याहूनहि बोलकें उदाहरण ज्वारीचें आहे. कोपनहेगनच्या यादींत सूक्ष्म पोषकद्रव्यें वर आणि हवामान खालीं, हें वर सांगितलेंच. आतां परभणीच्या या विद्यापीठानें हैदराबादजवळील इक्रिसॅट या संस्थेच्या साह्यानें 'परभणी शक्ति' नांवाची ज्वारीची जात २०१८ सालीं प्रसृत केली. तींत लोह व जस्त यांचें प्रमाण मुद्दाम वाढविलेलें आहे. लोम्बोर्ग यांच्या यादींतील पहिल्या क्रमांकाचें काम तें हेंच. परंतु ज्वारी हें कोरडवाहू पीक आहे, उष्णता व पाण्याचा ताण सोसणारें आहे. म्हणजे यादीच्या तळाचें कामहि तेंच दाणे करीत आहेत. इतकेंच नव्हे. हवेंतील कर्बवायु वाढला म्हणजे गहू, तांदूळ, सोयाबीन यांसारख्या पिकांच्या दाण्यांतील जस्त व लोह घटतें, आणि ज्वारी-मक्याच्या वर्गांतील पिकांवर हा परिणाम पुष्कळ कमी होतो, असें २०१४ सालीं 'नेचर' नियतकालिकांत प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांवरून दिसून आलें. म्हणजे एका हातानें मुलास जस्ताची गोळी द्यावयाची व दुसऱ्या हातानें त्याच्या पोळींतील जस्त काढून घ्यावयाचें, असा हा व्यवहार आहे. यादीच्या दोन ओळी परस्परांपासून स्वतंत्र आहेत, हें ज्या गणितानें गृहीत धरलें त्याचें उत्तर चुकणारच. आणि याच काळांत मराठवाड्यांतील शेतकरी ज्वारी सोडून सोयाबीनकडे वळला व रेशनच्या दुकानांतून घरांत गहू-तांदूळ आले, ही गोष्ट येथील गृहिणींस सांगावयास नको; भाकरीच्या जागीं पोळी आली तेव्हां तिचा केवढा गौरव झाला होता!

'कूल इट' मधील आणखी एक युक्तिवाद पुष्कळांस चमत्कारिक वाटतो. उष्णतेनें मरणाऱ्यांपेक्षां थंडीनें मरणारे अधिक आहेत, तेव्हां पृथ्वी थोडी तापली तर मृत्यु कमीच होतील, असा तो आहे. यास हंसून उडवितां येत नाहीं. थंडीच्या मृत्यूंचा आंकडा मोठा आहे असें नंतरच्या अभ्यासांतहि दिसून आलें, आणि तो केवळ युरोपचा नाहीं. पण या हिशेबांत फक्त मृत्यु मोजले आहेत, आणि उष्णतेचा कर बहुधा मृत्यूच्या रूपानें वसूल होत नाहीं. मे महिन्यांत परभणीच्या शिवारांत ऊन चाळिसाच्या वर गेलें असतां मजुरीस गेलेली बाई मरत नाहीं. ती दोन तास आधीं काम सोडते आणि तेवढा रोज कमी घेऊन घरीं येते. हा कर कोणत्या रकान्यांत लिहावयाचा? जाणाऱ्या मजुरीच्या बदल्यांत थंड देशांतील म्हाताऱ्यांचे वांचलेले प्राण मांडून वजाबाकी करणें संख्याशास्त्रास शक्य आहे. नीतिशास्त्रास तें इतकें सोपें नाहीं. १८९६ सालीं ज्या स्वान्ते आर्‍हेनियस यांनीं कोळशाच्या धुरानें पृथ्वी किती तापेल याचें गणित प्रथम मांडलें, त्यांसहि पुढें ही ऊब सुखकरच वाटली होती. ते स्वीडनचे होते. शीत देशांतील थोर पुरुषांस उन्हाविषयीं वाटणारें हें प्रेम आपण समजून घ्यावें, पण त्यावरून आपल्या घराचे पत्रे ठरवूं नयेत.

तरीहि आपल्याकडील संशयाचें मूळ या ग्रंथांत नाहीं हें सांगितलें पाहिजे. आपला संशय बहुधा स्वाभिमानांतून येतो. भारतांतील एका मनुष्याच्या वांट्यास वर्षाकांठीं सुमारें २ टन कर्बवायु येतो. अमेरिकेंतील मनुष्याच्या वांट्यास त्याच्या सातपट. ज्यानें धूर केला त्यानेंच आम्हांस डोळे पुसण्याचा उपदेश करावा, याचा राग येणें स्वाभाविक आहे, आणि न्याय्यहि आहे. त्यांत २००९-१० चें हिमनद्यांचें प्रकरण घडलें. आंतरशासकीय हवामान मंडळाच्या २००७ च्या अहवालांत हिमालयांतील हिमनद्या २०३५ पर्यंत नष्ट होतील असें विधान शिरलें होतें. विजयकुमार रैना या भूवैज्ञानिकांनीं पर्यावरण मंत्रालयासाठीं लिहिलेल्या निबंधांत त्याहून निराळें चित्र मांडलें, तेव्हां मंडळाच्या अध्यक्षांनीं तो हेटाळून लाविला. आणि पुढें जानेवारी २०१० मध्यें मंडळासच तें विधान निराधार असल्याचें कबूल करावें लागलें. संशयवाद्यांस यांत मोठा विजय वाटला. आम्हांस दोन गोष्टी दिसल्या. एक, शास्त्रज्ञांचें मंडळ झालें तरी त्यानें उद्धटपणा करूं नये. दुसरी, एक तारीख खोटी ठरली म्हणून बर्फ वितळावयाचें थांबलें नाहीं. रागाचा व प्रमाणाचा हिशेब निरनिराळ्या वह्यांत ठेवावा लागतो. धूर दुसऱ्याचा आहे म्हणून तो आपल्या डोळ्यांस झोंबत नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. उलट ज्याचा दोष सर्वांत कमी त्यासच हें कोडें सर्वांत जड जाणार, हीच तर आपली तक्रार असावयास हवी. लोम्बोर्ग यांच्या ग्रंथांत या तक्रारीस जागा नाहीं. त्यांच्या मतें २१०० सालचे गरीब लोक आजच्यापेक्षां श्रीमंत असतील, मग आजच्या गरिबांनीं उद्यांच्या श्रीमंतांसाठीं कां झिजावें? प्रश्न चतुर आहे. पण झिजण्याची विनंति परभणीच्या कोरडवाहू शेतकऱ्यास कोणी केलेली नाहीं. ती त्याच्या सातपट धूर करणाऱ्यास केली आहे, आणि तो या शेतकऱ्याच्या आडून बोलत आहे.

या वादांत ललित वाङ्मयानेंहि साक्ष द्यावयास हवी. अमिताव घोष यांनीं 'द ग्रेट डिरेंजमेंट' (२०१६) या निबंधांत अशी तक्रार केली आहे कीं, आधुनिक गंभीर कादंबरीनें हवामानाचें संकट आपल्या दाराबाहेर ठेविलें. इंग्रजी कादंबरीपुरतें तें खरें असेल. मराठी ग्रामीण वाङ्मयास हा आरोप लागत नाहीं. तेथें पाऊस हें पार्श्वभूमीचें चित्र कधींच नव्हतें. इंद्रजित भालेराव यांचें 'पीकपाणी' (१९८९) किंवा आसाराम लोमटे यांचा २०१६ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला 'आलोक' हा कथासंग्रह, हीं याच जिल्ह्याच्या मातींतून आलेलीं पुस्तकें आहेत, आणि शेतीवर जगणाऱ्या माणसास तीं आंतून ओळखतात. कमतरता आहे ती कवितेची किंवा कथेची नव्हे. लोम्बोर्ग यांच्यासारख्यास आंकड्यास आंकडा व टीपेस टीप देऊन मराठींत उत्तर देईल अशा गद्याची ती आहे. पर्यावरणावरील आमचें बरेंचसें मराठी लेखन एक तर शोकगीताच्या सुरांत असतें किंवा सरकारी पत्रकाच्या. पहिलें वाचून डोळे भरतात, दुसरें वाचून मिटतात.

आणि साहित्य तर जवळच पडलेलें आहे. प्रत्येक महसूल मंडळांत पर्जन्यमापक आहे. चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटर पाऊस झाला कीं अतिवृष्टीची नोंद होते. प्रत्येक गांवाची पैसेवारी दरवर्षीं काढली जाते. टँकर किती लागले, चारा छावण्या किती उघडल्या, दुबार पेरणी किती एकरांवर झाली, हें तहसिलींतून कागदावर चढत असतें. पाथरी, मानवत, सोनपेठ, पालम, गंगाखेड यांपैकीं एकाच तालुक्याचीं पन्नास वर्षांचीं ही दप्तरें घेऊन, त्यांत ऊंसाचें क्षेत्र, कूपनलिकांची खोली आणि कालव्याचें आवर्तन यांचे आंकडे शेजारीं मांडून, आकाशाचा वांटा किती आणि मनुष्याचा किती हें दाखविणारा एखादा शंभर-सव्वाशें पानांचा ग्रंथ कोणीं लिहिला, तर तो आम्ही लोम्बोर्ग यांच्या दोन्ही ग्रंथांपेक्षां अधिक आस्थेनें परीक्षणास घेऊं. लोम्बोर्ग यांच्या पहिल्या ग्रंथाची सूची चांगली आहे, संदर्भांची यादी लांबलचक आहे, आणि आलेख स्वच्छ छापलेले आहेत; तेवढें मात्र त्या लेखकानें त्यांच्यापासून अवश्य उचलावें.